थंड कीबोर्ड

“आता शेवट ऐका,” रेकॉर्ड कंपनीचा साउंडवाला म्हणाला. स्पीकरवर शेवटच्या ओळीत आवाज फाटला नाही. इस्त्री केल्यासारखा सरळ गेला.

आपल्याच घरात सोफ्यावर भाऊजी मख्ख बसले होते. आवाज त्यांचाच होता. शेजारी त्यांचा मेहुणा, श्रवणयंत्रांच्या दुकानातला कारागीर. तरुणपणी दोघांचा इलेक्ट्रॉनिक बँड होता. भाऊजी गायचे, मेहुणा कीबोर्ड वाजवायचा. तिसरा ड्रमर होता, पण ताल देणारी पेटी मिळताच त्याला नारळ दिला. तो फरशांच्या धंद्यात पडला आणि तिघांत त्याचंच बरं झालं.

बँडची जन्माची मिळकत म्हणजे हे एक गाणं, तेही चुकून जमलेलं. जुन्या बनावटीचा कीबोर्ड आधी बराच वेळ चालू ठेवून तापवावा लागे. थंड असला की सूर वर सरकत राही. रेकॉर्डिंगच्या दिवशी स्टुडिओची वेळ संपत आली होती, तापवायला सवड नव्हती. गाण्याखाली धरलेला एकच सूर चढत गेला, भाऊजी त्याच्यामागे चढत गेले आणि शेवटच्या ओळीला त्यांचा आवाज फाटला. लोकांना वाटलं, काय काळजातून गातोय हा! मग कार्यक्रमांतही त्यांना तेच हवं असे. मेहुणा कीबोर्ड पंख्यासमोर ठेवून ऐन वेळी सुरू करी. तरी आवाज पुन्हा तसा फाटला नाही. भाऊजी मुद्दाम फाडत, तो खोकल्यासारखा वाटे. लोक हळूहळू घरी गेले, बँडही गेला.

गेल्या वर्षी ऑपरेशनात भाऊजींचं स्वरयंत्रच काढलं. आता ते टॉर्चएवढं यंत्र गळ्याला लावून बोलत, एकाच सपाट सुरात.

“गाणं पुन्हा काढतोय. दोघांचा होकार हवा,” साउंडवाला म्हणाला. “शेवटचा फाटका आवाज नीट केलाय, सूर अगदी चोख बसवलाय.”

भाऊजींनी यंत्र लावलं. “चालेल.”

“यांना सगळंच चालतं हल्ली,” चहा घेऊन आलेली ताई, भाऊजींची बायको, आपल्या भावाला म्हणाली. “काल चहात मीठ पडलं, तर तेही चाललं. तू तरी काही बोल.”

मेहुणा उठला. माळ्यावरून त्याने कीबोर्ड उतरवला, धूळ पुसली.

“काका, आधी तापू द्या की,” साउंडवाला म्हणाला.

“नको. असाच वाजवतो.”

त्याने पट्टी दाबून धरली. भाऊजींनी जरा वेळ त्याच्याकडे पाहिलं, मग यंत्र गळ्याला टेकवलं आणि शब्द म्हणू लागले. कीबोर्डचा सूर खालून हळूहळू वर आला. एका क्षणी दोन्ही सूर एक झाले. खिडकीची काच बारीक थरथरली. मग कीबोर्ड पुढे निघून गेला. भाऊजी जागच्या जागीच राहिले, पण शब्द त्यांनी सोडले नाहीत. शेवटच्या ओळीला मान ताणली, गळ्याच्या शिरा फुगल्या. यंत्रातून आवाज आला तो गुळगुळीत, इस्त्री केलेला.

ताई चहाचे कप उगाच सरळ करत राहिली.

“फाटकाच ठेवा,” भाऊजी म्हणाले.

“पण तुम्ही आत्ता...”

“ते म्हणतायत ना,” ताई म्हणाली. “फाटकाच.”

साउंडवाला वायर गुंडाळून गेला. भाऊजींनी यंत्र पुसून डबीत ठेवलं. चहा झाला तरी कीबोर्ड चालूच होता. मेहुण्याने पट्टी दाबून पाहिली. सूर आता जागचा हलत नव्हता.

त्याने तो बंद केला.