छान अंग धरलंस

सुलक्षणाच्या डाव्या मनगटावर दातांची खूण आहे. ती शिनयीची. तीन वर्षांपूर्वी, आयर्लंडमधल्या ट्रली गावच्या हॉस्पिटलात नाकातून नळी घालताना या चौतीस किलोच्या सोळा वर्षांच्या पोरीने तीन नर्सना लाथा हाणल्या, सलाईनचा स्टँड खिडकीवर फेकला आणि शेजारी उभ्या असलेल्या आहारतज्ज्ञ बाईला, म्हणजे सुलक्षणाला, रक्त येईपर्यंत चावलं. एवढीशी काडी, पण जोर बघा!

शिनयीचे आईबाप गावातच चिनी टेकअवे, म्हणजे पार्सलचं दुकान, चालवायचे. पोरगी एकच सांगायची, "खाल्लं की पोट फुगतं." डॉक्टर विचारायचे, जाड व्हायची भीती वाटते का? ती म्हणायची, नाही. भीती नाही म्हणजे स्वतःला उपाशी ठेवायचा तो मनाचा आजार, ॲनोरेक्सिया, नाही, असं ठरवून या शहाण्यांनी आठ महिने तिच्या पोटात दुर्बिणी घातल्या. शेवटी सुलक्षणाच रोज जेवणाच्या वेळी तिच्यापाशी बसायला लागली. पुण्याची बाई, आग्रह रक्तातच! "एक घास माझ्यासाठी. बरं, अर्धा." पाच महिन्यांत काटा शेहेचाळीसवर गेला आणि पोरीला घरी सोडलं. त्या दिवशी वॉर्डात केक कापला होता.

म्हणून परवा गुओबाईंनी, शिनयीच्या आईने, जेवायला बोलावलं तेव्हा सुलक्षणा मिरवतच गेली. सोमवार, दुकान बंद. टेबलावर अख्खा मासा, मोमोसारखे डम्पलिंग, भाताचं पातेलं. शिनयी समोर बसली आणि खायला लागली. तीन वाट्या, चार वाट्या, चावतसुद्धा नव्हती.

"बघा मॅडम, तुमच्यामुळे," गुओबाईंचे डोळे भरून आले.

सुलक्षणाची तर छाती फुगली. आपल्याकडचं कौतुक तिने तिथल्या तिथे इंग्रजीत घातलं, "अगं, छान अंग धरलंस! त्या दिवशी केक कापतानाही म्हणाले होते ना मी?"

शिनयीने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. उठताना तिचा उजवा हात सुलक्षणाच्या डोळ्यांपुढून गेला. बोटांच्या सांध्यांवर चट्टे होते, जुने आणि नवे, दातांवर घासून पडलेले. बाथरूमचं दार लागलं. नळ सुटला.

खाल्लेलं ओकून काढायला घशात बोटं घालतात तेव्हा असे चट्टे पडतात, हे सुलक्षणाला पुस्तकात शिकवलं होतं. ती धावली आणि दारावर बुक्के मारायला लागली.

"मॅडम, काय करताय? आता खाते ना ती!" गुओबाईंनी तिचा दंड धरून ओढलं.

"खाते आणि ओकते! किती वर्षं चाललंय हे?"

फाडकन थोबाडीत बसली. सुलक्षणाचा चष्मा उडाला. "माझी पोरगी बरी आहे!" गुओबाई किंचाळल्या आणि दोन्ही मुठींनी तिच्या खांद्यावर, छातीवर मारत सुटल्या. तेवढ्यात आत धपकन आवाज झाला. नळ चालूच होता.

शिनयीचा बाप हाडं तोडायचा सुरा घेऊन आला आणि दारावर घाव घालायला लागला. चौथ्या घावाला कडी तुटली. पोरगी फरशीवर आडवी, ओठ निळे, नाडी नाही. ओकून ओकून अंगातले क्षार संपले की हृदय असं मध्येच थांबतं.

"शेजारच्या केमिस्टच्या भिंतीवर हृदयाला शॉक द्यायचं मशीन आहे. पळा!" सुलक्षणाने बापाला ढकललं आणि दोन्ही हात पोरीच्या छातीवर रोवले. दाब, दाब, दाब. कटकन बरगडी मोडली. गुओबाईंनी तिचे केस धरून मागे ओढलं, "मारतेय, ही माझ्या पोरीला मारतेय!" सुलक्षणाने कोपर मागे हाणलं, गुओबाईंच्या नाकातून रक्त आलं. दुसरी बरगडी मोडली. ती थांबली नाही. बापाने मशीन आणलं. दुसऱ्या झटक्याला शिनयीने श्वास घेतला.

चौथ्या दिवशी सुलक्षणा वॉर्डात गेली. नवा डॉक्टर म्हणाला, हा वेगळाच आजार दिसतोय. मेला शहाणा! माणूस तेच होतं, आजाराने नुसती चाल बदलली होती.

शिनयीपुढे सूप होतं. सुलक्षणाचा हात सवयीने वाडग्याकडे गेला, 'एक घास' ओठांवरही आलं. तिने हात मागे घेतला आणि खुर्ची ओढली.

"खाऊ नकोस. मला फक्त सांग, तेव्हा तू खरं बोलत होतीस ना?"

"हो. तेव्हा पोटच फुगायचं." बरगड्या दुखत होत्या, ती थांबत थांबत बोलत होती. "जाड व्हायची भीती मला नव्हतीच."

"मग कधीपासून वाटायला लागली?"

शिनयीने तिच्या मनगटावरच्या खुणेकडे बघितलं.

"केक कापला, त्या दिवसापासून."