पाचवी पुरचुंडी

"चारच व माय! पुष्पे, चारच हायेत!"

सुभद्राबाई स्टुलावर उभ्या राहून तांदळाच्या कोठीत खांद्यापर्यंत हात घालून चाचपत होत्या. नाकातोंडावर पदर घट्ट बांधलेला. सून पुष्पांजली पोळ्या टाकून धावत आली.

"आई, कोठी उघडली काऊन तुमी? आठ दिवस हात लावाचा नव्हता ना!"

"परवा मीच गोळ्यांच्या पाच पुरचुंड्या टाकल्या होत्या. फडक्यात बांधून. एक गेली."

वर्षाचा तांदूळ भरला की किडीसाठी कोठीत गोळ्या टाकायच्या आणि झाकण शेणमातीनं लिंपून घ्यायचं, ही घरोघरची रीत. त्या गोळीतून जो वायू निघतो तो किडा ठेवत नाही. आणि बंद खोलीत निजलेला माणूसही ठेवत नाही. म्हणून लिंपलेल्या कोठीला लहान मूलसुद्धा हात लावत नाही. सुभद्राबाईंनी काल ते लिंपण स्वतः फोडलं होतं.

काल कुडव्याच्या मारुतीच्या देवळात केवळराम महाराजांचं कीर्तन होतं. सुदाम्याचं आख्यान अगदी रंगात आलेलं. सुदामा द्वारकेच्या दाराशी पोहोचला आणि महाराजांनी हातानं टाळ थांबवले. म्हणाले, "बाप्पाहो, आज सुदामा आपल्याच जिल्ह्यात बसला हाये. बोरीटोल्याच्या शाळेत. नदीनं त्याची चूल नेली, भांडं नेलं. मी पैसा मागत नाही. घरातलं एकेक भांडं द्या."

सगळ्यांच्या आधी सुभद्राबाई उठल्या होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माहेरचा पितळी गुंड, पाणी भरायचा हंडा, द्यायचा, हे त्यांनी उठता उठताच ठरवलं. पण भांडं कधी रिकामं देऊ नये. घरी रोजच्या खाण्याचा डबा तळाला गेलेला, भांडी न्यायची जीप देवळाशी उभी, आणि वीज गेलेली. अंधारात कोठीचं झाकण उचकटून पायलीनं भराभरा तांदूळ ओतला, वर झाकण घालून फडकं आवळलं. महाराजांनी गळ्यातला हार काढून गुंडाला घातला तेव्हा बाया बघतच राहिल्या. सुभद्राबाई रात्रभर सुखानं झोपल्या. सकाळी कोठी परत लिंपायला गेल्या, तेव्हा कुठे त्यांना गोळ्या आठवल्या.

"त्या जीपवाल्याले फोन लाव," त्या आता म्हणाल्या.

जीपवाला विक्की फोनवर हसला. "अरे काकी, टेन्शन मत लो. सामान कालच शाळेत उतरवला. रातीच बाँट दिया सब."

"गुंड कोनाले देला?"

"अब ये कैसे बताऊं? तिथं फोन लागत नाही, टावर बंद हाये. काऊन, वापस पाहिजे का?"

पुष्पांजलीनं फोन हिसकावून बंद केला, गॅस बंद केला आणि स्कूटीची किल्ली घेतली. "बसा मागं."

रस्त्यावर जागोजागी पाणी. धानाची शेतं पाण्याखाली, नुसते बांध दिसत होते. सुभद्राबाईंनी सुनेची कंबर दोन्ही हातांनी धरली होती. नाम घ्यावं म्हणून ओठ हलवले, पण रामकृष्णहरीच्या जागी 'चार, चार' असंच येत राहिलं. सुदाम्यानं नेलेली पुरचुंडी देवानं ओढून घेतली, मूठ मूठ खाल्ली. आणि आपण काय बांधून पाठवलं?

"शाळेच्या खोल्यांले खिडक्या राहत ना व?"

"राहत, आई."

"पन पावसाच्या बंद केल्या असतील."

पुष्पांजलीनं गाडी आणखी जोरात घेतली.

बोरीटोल्याच्या शाळेपाशी आल्या तर सगळी माणसं बाहेर. रिमझिम पाऊस, आणि तरीही बायामाणसं, लेकरं, सारी वडाखाली उभी. एका खोलीची दारं-खिडक्या सताड उघडी. पायरीखाली गोणपाट टाकलेला, आणि त्याखाली काहीतरी झाकलेलं. लहानसं.

सुभद्राबाई तिथेच चिखलात बसल्या. पुष्पांजली गाडी तशीच टाकून त्यांना धरायला धावली.

"कोनाचं लेकरू हाये?" सुभद्राबाईंनी विचारलं.

पायरीवर एक उतारवयाची बाई बसली होती. तिनं मान वर केली. "लेकरू नोहे बाई. शेळी होय. माही शेळी."

सुभद्राबाईंच्या तोंडून "पांडुरंगा" निघालं आणि निघताच त्यांची त्यांनाच लाज वाटली. ती बाई त्यांच्याकडेच बघत होती.

तिचं नाव नंदाबाई. ती सांगू लागली, तेव्हा आवाजात रडं नव्हतं. "गुंड माह्या वाट्याले आला. रातभर उशाशी ठेवला. झाकन घट्ट होतं, म्हनून वाचलो. सकाळी उघडला त भपकन वास. सडक्या मासोळीवानी. मी तोंड फिरवलं, तवर हिनं आत तोंड घातलं. भुकेली होती. दोन घास खाल्ले अन् लागली झटके द्याले. मी चिल्लावली, लेकरं बाहेर हाकलली. गुंड दूर पडितात नेऊन गाडला."

"मास्तर पुसून राहिले," बाजूचा मंगरू तावातावानं म्हणाला, "कोनं पाठवलं ते! पुरानं मेलो नाही म्हनून विष पाठवलं का आमाले?"

"मले का माहीत कोनाचा होय?" नंदाबाई म्हणाली. "गुंडावर का नाव लिवलं राहते?"

सुभद्राबाई उठल्या. लुगड्याला चिखल तसाच. वडाखालच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माहा होय. कुडव्याच्या सुभद्रा कापगतेचा. मीच भरला, अंधारात भरला."

मंगरू पुढे सरसावला, तशी नंदाबाईनं त्याच्या छातीला हात लावला. "गप रे. मारायचं असतं त धावत आली असती का? आपल्या कोठीतबी गोळ्याच राहत होत्या." आणि सुभद्राबाईंकडे वळून, "पन पाहून भरायचं होतं जी."

"हो."

"देताना घाई नाही करत."

"हो माय."

"पुरातून हेच एक आनली होती मी. खांद्यावर घेऊन. छातीभर पान्यातून."

दुसरी शेळी घेऊन देते, असं म्हणायला सुभद्राबाईंनी जीभ उचलली होती, पण नंदाबाईच्या तोंडाकडे पाहून ती परत टाळूला चिकटली.

शाळेमागे मंगरूनं खड्डा केला. गोणपाटाचं एक टोक नंदाबाईनं धरलं, दुसरं सुभद्राबाईंनी. पुष्पांजली माती लोटत होती. पावसानं माती जड झाली होती, लवकर बसली.

परत आल्यावर नंदाबाई ओसरीच्या खांबापाशी थांबली. तिथं तिनं आपल्या शेळीसाठी पहाटेच तोडून आणलेला जांभळाचा पाला दोरीनं बांधून टांगलेला होता. हिरवागार, ओला. तिनं दोरीची गाठ सोडली, पाला छातीशी धरून क्षणभर तशीच उभी राहिली. मग ओसरीच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्या कोणाची तरी शेळी बांधली होती, तिच्यापुढे तिनं तो पसरला.

"खा व," ती म्हणाली, आणि शेवटचं पान संपेपर्यंत तिथेच उभी राहिली.