नथूकाकांनी फोडलेला बांध

मी चेरी बोलतेय. कोपऱ्यावर ज्या झाडाची लाल फळं पोरं ओरबाडतात ना, ती मी नव्हे हं! ती सिंगापूर चेरी. तिचं-माझं नातं नावापुरतं. मी पहाडातली, फुलांची चेरी. ओळख पटत नसेल तर साल बघा, तांबूस, चकचकीत, आडव्या रेघांची. पानाच्या देठावर, अगदी पानाला लागून, दोन बारीक गाठी. एवढं पाहिलंत तर कोणी फसवणार नाही.

शुभांगीताईंनी मला पहाडातल्याच एका रोपवाटिकेतून आणलं. ताई हिंजवडीत नोकरीला, घर मात्र इथे भरे गावात. मला लावलं त्यांच्याकडे बाग बघणाऱ्या नथूकाकांनी. काकांचा सगळा जन्म भातात गेलेला. भाताच्या खाचराला घालतात तसाच मातीचा बांध त्यांनी माझ्याभोवती घातला आणि ऐटीत म्हणाले, "ताई, माज्या हातनं लावलेलं आजवर काय मेलं न्हाई."

मला धडकीच भरली. अहो, तुंबलेलं पाणी भाताला मानवतं. मला निचऱ्याची जमीन लागते! पण सांगणार कोणाला?

पावसाळा लागला आणि बांध तुडुंब भरला. काका रोज यायचे, कुठे पाणी निसटत असलं तर चिखलानं लिंपून जायचे. मायेनंच करत होते सगळं. माझी मुळं मात्र कुजू लागली. भादव्यात पानं पिवळी पडून गळाली.

"काका, हे झाड गेलंय," ताई म्हणाल्या. "रविवारी करवतवाला येतोय."

काकांचा चेहरा उतरला. ताई आत गेल्यावर त्यांनी नखानं माझी साल खरवडली. आत हिरवं होतं. "जित्तं हाय की अजून!" मग बुडाशी हात घालून त्यांनी मूठभर चिखल नाकाशी नेला. कुजका वास आला तसे ते मटकन खाली बसले.

"मीच मारतुया व्हय गं तुला?"

त्यांनी कुदळ आणली. उचलली, आणि हात थबकला. भरला बांध दुसऱ्या कोणी फोडला असता, तर काका त्याच्या अंगावर धावून गेले असते. शेवटी दात-ओठ खाऊन त्यांनी घाव घातला. पाणी भळाभळा वाहून गेलं. मला हायसं वाटलं, पण रविवार उरलाच होता.

रविवारी करवतवाला फाटकाशी उभा राहिला. काका माझ्यापुढे आले.

"ताई, झाडाचा दोष न्हाई. चूक माजी हाय. मला कामावरनं काडा, पर हिला दिवाळीपत्तुर ऱ्हाऊ द्या."

ताईंनी करवतवाल्याला परत जायला खुणावलं. "दिवाळीपर्यंत, काका. पुढे नाही."

आज भाऊबीज. माझ्या अंगावर एक पान नाही. आमच्या जातीची रीतच आहे ती, आधी पानं झडतात, मग फुलं येतात. पण हे ताईंना कोण सांगणार? सकाळी त्या अंगणात आल्या, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि त्यांनी करवतवाल्याला फोन लावला. माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं.

तेवढ्यात फांदी चाचपणारे काका ओरडले, "ताई, फोन ठिवा! आदी हितं या!"

कळीचं टोक गुलाबी झालं होतं. ताईंनी फोन ठेवला. काकांनी डोळे पुसले आणि सवयीनं बादली उचलून नळ सोडला. मग माझ्याकडे पाहून स्वतःशीच हसले, नळ बंद केला.

असेच वागा हो काका. आणि तो बांध फुटकाच राहू द्या.