ताण किती दिवसांचा

ग्रीसला येऊन तिसरा दिवस उजाडला, तरी ओमप्रकाशभाऊंच्या सदऱ्याच्या आतल्या खिशातला मोबाईल खिशातच होता. तो त्यांचा नव्हता. त्यांच्या बायकोचा, बेबीताईंचा होता, आणि बेबीताईंना जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होणार होतं. हा मोबाईल मुलीच्या हातात द्यायचा आणि तो आपल्या कपाटात कसा गेला ते तिला सांगायचं, एवढ्या एका कामासाठी मोर्शीचा हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसला होता. पहिल्या दिवशी पोरगी दमलेली दिसली म्हणून राहिलं. दुसऱ्या दिवशी जावई घरात होता म्हणून राहिलं. टाळायचंच असलं की माणसाला कारणांचा तोटा पडत नाही.

तिसऱ्या दिवशी गीतांजलीने सुट्टी काढली आणि बापाला गाडीत बसवून अथेन्सहून दोन तासांवरच्या एपिडाव्रोसला नेलं. आधी जुने अवशेष बघू, मग समुद्राकाठच्या गावात जेवू, दिवसभर आपण दोघंच, असं ती म्हणाली. आज सांगायचंच, असं भाऊंनी मनाशी ठरवलं.

आता या बापलेकीत नेमकं काय बिनसलं होतं ते सांगायला हवं. संत्र्याच्या झाडाला बहर हवा असेल तर आधी त्याचं पाणी तोडावं लागतं. पानं मलूल होतात, झाड तहानेनं कासावीस होतं, आणि मग पाणी सोडलं की फांदीफांदीवर फूल दिसतं. याला ताण देणं म्हणतात. हलक्या जमिनीला महिनाभर, भारी जमिनीला दोन महिने. भाऊंच्या हाताला हा हिशेब असा बसला होता की मूठभर माती उचलून ते कुणाच्याही बगीच्याचे दिवस सांगत. तालुक्यात त्यांना मान होता तो त्यासाठी, आणि घात झाला तोही त्यापायीच. पोरीने नोकरीच्या गावी, घरी न विचारता, परमुलखातल्या माणसाशी लग्न केलं, तेव्हा भाऊंनी तिलाही ताण दिला. बोलणं तोडलं. आज ना उद्या नरमेल, धावत येईल, पायावर डोकं ठेवेल, अशी त्यांची अटकळ. झाड तीन वर्षं ताणावर ठेवलं तर त्याचं सरपण होतं, हे या शहाण्या माणसाला कुणी सांगायचं?

एपिडाव्रोसला डोंगराच्या कुशीत दगडी पायऱ्यांचं प्रचंड नाटकघर आहे. वर आभाळ, खाली गोल अंगण. अडीच हजार वर्षांपूर्वी इथे दूरदुरून आजारी माणसं यायची, रात्री देवळाच्या ओसरीत झोपायची आणि स्वप्नात देव येऊन बरं करतो असं मानायची, ही सगळी माहिती गीतांजलीने दिली. अंगणाच्या मधोमध कुणी कागद फाडला तरी शेवटच्या पायरीवर ऐकू जातं म्हणे. भाऊ गुडघ्यांना जपत दहा-बारा पायऱ्या चढले आणि टेकले. पोरगी शेजारी बसली.

"आई इथं येऊन गेली बाबा," ती म्हणाली.

भाऊंना वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. मग तिने सांगितलं. मागच्या वर्षी जानेवारीत, संक्रांतीच्या चार दिवस आधी, ती व्हिडिओ कॉल लावून, फोन हातात धरून दिवसभर याच भागात हिंडली होती आणि पलीकडे बेबीताई बगीच्यात झाडाखाली बसून सगळं पाहत होत्या. या पायऱ्या पाहिल्या, मोडके खांब पाहिले. आजारी माणसांना नाटक कशाला दाखवत असतील, असं त्यांनी विचारलं. हसल्या-रडल्याने माणूस बरा होतो म्हणून, असं पोरीने सांगितलं.

"मंग म्हणाली, तुह्या बाबाले आण एकडाव इथं," गीतांजली म्हणाली आणि हसली.

भाऊंना हसू आलं नाही. संक्रांतीच्या आधीचा तो दिवस त्यांना चांगला आठवत होता. ताण तुटायला आठ दिवस बाकी होते. दुपारी विजेची लाईन आली की मोटार सुरू करून हरभऱ्याला पाणी सोडायचं, एवढं काम बायकोवर सोपवून ते मोर्शीला गेले. परत येऊन पाहतात तर हरभरा कोरडा, आणि ताणावरच्या बगीच्यात झाडांची आळी तुडुंब. भलताच व्हॉल्व्ह फिरवला गेला होता. अवेळी पाणी मिळालं की झाड फुलाऐवजी पालवी काढतं. पन्नास झाडांचा बहर गेला. बेबीताईंच्या हातात मोबाईल होता आणि चेहरा असा खुललेला, जणू लग्नाहून आल्यात. त्या खुललेल्या चेहऱ्याचाच भाऊंना जास्त राग आला. त्यांनी मोबाईल हिसकला, बंद केला आणि कपाटात टाकून कुलूप लावलं. कुणाशी बोलत होतीस, हे विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. ती खोटं बोलणारी बाई नव्हती.

आता सांगावं, असं भाऊंच्या मनात आलं, त्यांनी खिशात हातही घातला. तेवढ्यात शाळेच्या पोरांची एक झुंड अंगणात उतरली आणि टाळ्या वाजवून पाहू लागली. एकेक टाळी कानाशी येऊन फुटत होती. भाऊंनी हात परत काढला.

पुढचा रस्ता संत्र्यांच्या बगीच्यांतून जात होता. मोर्शीचा माणूस अशा वेळी गाडी थांबवल्याशिवाय राहायचा नाही, पण भाऊ काचेला डोकं टेकून बसले. समुद्राकाठच्या त्या गावाचं नाव नाफ्प्लिओ. अरुंद गल्ल्या, पाण्याच्या मधोमध एक लहानसा किल्ला, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना फळांनी लगडलेली संत्र्याची झाडं. एकही माणूस तोडत नव्हता. भाऊंनी सवयीने एक फळ तोडलं, सोललं, फोड तोंडात टाकली आणि थुंकली. कडूजहर.

"आईले सांगितलं होतं, हे शोभेचे आहेत," गीतांजली म्हणाली. "तिले काही पटलं नाही. म्हणे, कलम करायले सांग त्याईले."

पाण्याच्या अगदी काठाशी एका खानावळीच्या बाहेर ते बसले. आईलाही इथेच बसवलं होतं, मीठदाणीला टेकवून फोन उभा केला होता, असं तिने दाखवलं. त्या दिवशी आईने समुद्र पहिल्यांदा पाहिला. लग्नानंतर तुझ्या बाबाने कबूल केलं होतं, पण बगीच्याला कधी सुट्टीच मिळाली नाही, असं म्हणाली होती. भाऊंनी मान खाली घातली. खरंच कबूल केलं होतं.

जेवण आलं. पोरीने घास तोडला आणि तसाच ताटात ठेवला. एवढ्या दुरून बापाला तिने का बोलावून घेतलं, ते आता बाहेर आलं.

"बाबा, एक विचारू? म्या त्या दिवशी तिले इथं बसून म्हणलं होतं, तू बाबाले सोड अन् ये इकडं. तिनं काही उत्तर देल्लं नाही. त्याच्यानंतर तिचा फोनच नाही आला. मी लावून लावून थकली, तर बंद. तुमी तर माहा फोन उचलतच नव्हते. शेजारच्या पार्बताबाईले विचारलं, तर म्हणे बरी आहे, बगीच्यात जाते. मंग एकदम ती गेल्याचंच समजलं." तिने बापाकडे पाहिलं. "माह्यावर रागावूनच गेली का ते?"

एक वर्ष ही पोर हा धोंडा उरावर घेऊन जगत होती, आणि तो उतरवायचा शब्द बापाच्या खिशात पडून होता. भाऊंना पुरतं कळत होतं की हे सांगितलं तर उरलेलं एकुलतं एक माणूसही जाणार. नाही सांगितलं तर ते राहील, हसेल, दरवर्षी तिकीट पाठवेल, आणि आईने आपल्याला टाकलं असं समजत म्हातारं होईल. त्यांनी मोबाईल काढून ताटाजवळ ठेवला.

"ते रागावली नव्हती बाई," ते म्हणाले. "म्या कपाटात कुलूप लावून ठेवला होता."

मग पाणी, व्हॉल्व्ह, पन्नास झाडं, सगळं सांगितलं. तेरवी आटोपून पोरगी परत गेल्यावर कपाट उघडलं, मोबाईल चार्जिंगला लावला, तेव्हा न लागलेल्या फोनांचे मेसेज येऊन तो किती तरी वेळ हातात थरथरत राहिला आणि दर वेळी तिचंच नाव येत होतं, हेही सांगितलं. गीतांजली ऐकत होती. तिने मोबाईलला हात लावला नाही.

"तिनं मागितला नाही?"

"एकडाव मागितला."

"मंग?"

"म्या म्हणलं, फुलं आली की देतो."

ती संत्रेवाल्याची पोर होती. कोणत्या महिन्यात काय होतं ते तिला पाठ होतं.

"फुलं तं फेब्रुवारीत येतात बाबा. आई मार्चमधे गेली."

पाणी न गेलेल्या झाडांना त्या वर्षी भरभरून फुलं आली होती. सगळा बगीचा घमघमत होता आणि बेबीताई रोज त्यातून ये-जा करत होत्या. तिने दुसऱ्यांदा मागावं म्हणून भाऊ थांबले होते, आणि ती मागत नव्हती. मग एका दुपारी ती त्याच झाडांत कोसळली आणि गाडी अमरावतीला पोचायच्या आत गेली.

गीतांजलीने डोळे पुसले नाहीत. मोबाईल उचलून तिने छातीशी धरला.

"तिले राग नव्हता, एवढं समजलं. पण मले आता काही दिवस तुमच्यासंग बोलणं जमणार नाही."

भाऊंनी मान हलवली. किती दिवस, हे त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. जमिनीचे दिवस त्यांना सांगता येत होते. पोरीचे दिवस विचारायची हिंमत झाली नाही.

ती उठली. चार पावलं गेली आणि परत आली. पर्समधून तिने त्यांची दुपारची बीपीची गोळी काढली, ताटाजवळ ठेवली, पाण्याची बाटली उघडून त्यांच्यापुढे सरकवली आणि समुद्राकडे चालू लागली.

भाऊंनी गोळी तोंडात टाकली. मग तिने उघडून दिलेलं पाणी ते घोट घोट पीत राहिले.