मुक्या घराची बोटभर फट

हे तुम्हाला पटणार नाही, आधीच सांगून ठेवतो. मिशाल न्हाव्याच्या दुकानात असरच्या नमाजानंतर जे चारजण जमतात, त्यांच्या गळी मी आजवर बरंच काही उतरवलंय. हे उतरवणं मलाही जड जातं, कारण हे खरं आहे.

तारेच्या कुंपणापलीकडच्या हवाई तळावर मी सव्वीस वर्षं इंजिनं पळवली. लढाऊ विमानाचं इंजिन दुरुस्त झालं की आकाशात जाण्याआधी ते जमिनीवरच पळवून बघायचं असतं. विमान साखळदंडांनी जमिनीतल्या कड्यांना जखडायचं आणि मग इंजिनाला म्हणायचं, ओरड आता किती ओरडायचं ते. सुरुवातीला हा सगळा प्रकार उघड्यावर, मातीच्या बांधाआड चाले. त्या काळात आपल्या गावातली भांडणं हातवाऱ्यांनी व्हायची. अबू नायिफच्या कोंबड्यांची अंडी फोडली की आतून फेटलेलीच निघत.

माझी बायको वत्फा मात्र त्या आवाजावर घर चालवायची. इंजिन थांबलं की तिनं किटली चढवलीच. इकडे मी साखळ्या सोडायच्या, हत्यारं मोजून पेटीत ठेवायची, सायकल काढून तारेला वळसा घालायचा. दारात पोचेपर्यंत चहात मरामियाची वासाची पानं पडलेली असत आणि पेला इतका कढत, की डोक्यावरच्या शमागच्या टोकानं धरावा लागे. इंजिनाची तब्येतही तिला कळे. "आज तुमचं खोकत होतं," म्हणायची. दुसऱ्या दिवशी उघडून बघावं तर आत एखादं पातं खरंच चिरलेलं. आम्हाला मूलबाळ नव्हतं. लोक मला अबू सत्ताम, म्हणजे सत्तामचा बाप, म्हणतात ते नुसतं माझ्या बापाच्या नावावरून. दिवसभर घरात तिच्याशी बोलणारं असं ते इंजिनच होतं.

मग तळावर आवाज कोंडायला ते घर बांधलं. आख्खं विमान मावेल एवढी लोखंडी खोली, भिंतींना चाळणीसारखी भोकं, भोकांमागे दगडी लोकर ठासून भरलेली. मागच्या बाजूला जाळ गिळायला साठ पावलं लांब बोगदा. पुढची दारं रुळांवरून सरकायची, कडांना हातभर जाड रबर. आम्ही त्याला मुकं घर म्हणायचो. पहिल्या दिवशी इंजिनाला पुरता जाळ दिला तरी छपरावरचं पारवं झोपेतून उठलं नाही. बोगद्याच्या तोंडाशी अबू नायिफची एक मेंढी चुकून उभी राहिली होती, ती घरी गेली ती अंगावरची लोकर कातरून.

"विणूनही दिली असेल, काका," मिशाल म्हणाला. तो खलफची दाढी करत होता.

विणायला वेळ कुठे होता, मी म्हटलं, नुसती पिंजली.

गाव खूश झालं. लोकांना एकमेकांचं ऐकू येऊ लागलं आणि पहिल्याच आठवड्यात तीन जुनी भांडणं नव्यानं सुरू झाली. माझ्या घरी मात्र किटली थंड होती. वत्फा उंबऱ्यावर तळाकडे तोंड करून बसलेली. आज चालवलंच नाही का, म्हणाली. मी म्हटलं, चार तास चालवलं. ती उठली, किटली ठेवली. चहा उकळेपर्यंत आम्ही दोघं दवाखान्याच्या बाकावरच्या अनोळखी माणसांसारखे बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. मी येतोय हे तिला कळेना, आणि कोणी आपली वाट बघत असेल याची मला खात्री वाटेना.

म्हणून मी एक गुन्हा केला. दारं पक्की लागल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही, हा तिथला पहिला नियम. मी माझा शमाग घडी करून दाराच्या रबरात खालच्या बाजूला कोंबला. बोटभर फट राहिली. त्या फटीतून आवाजाचा एक दोरा निघायचा. तारेवरून, अबू नायिफच्या मेंढ्यांच्या डोक्यावरून, सरळ आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत. शेजारच्या खिडकीत नाही, आमच्याच. चहा पुन्हा कढत मिळू लागला. अशी सात वर्षं गेली.

मग कोणीतरी गावात आवाज मोजायचं यंत्र आणलं. साऱ्या गावात काटा ढिम्म, आमच्या खिडकीशी थुईथुई. मेजर शिबलीनं मुकं घर तपासलं आणि रबरात माझा शमाग सापडला. त्याला मला तिथेच घरी बसवता आलं असतं. पण माणूस खानदानी. संध्याकाळी तो पाहुणा म्हणून घरी आला. मी कॉफी दिली. त्यानं फिंजान, तो कॉफीचा इवलासा पेला, हातात घेतला आणि न पिता समोर खाली ठेवला.

याचा अर्थ दुकानात कोणाला सांगावा लागला नाही. पाहुण्यानं फिंजान असा ठेवला की त्याचं काही मागणं असतं. ते मान्य होईपर्यंत तो थेंब पिणार नाही, आणि तो तसाच उठून गेला तर घरवाल्यानं गावात तोंड दाखवायचं नाही.

"अबू सत्ताम," मेजर म्हणाला, "ते दार लावत जा."

मी पडद्याकडे बघितलं. आत वत्फा उभी होती, तिनेच कॉफी केली होती. फट गेली की तिच्या कानाशी काहीच उरणार नव्हतं, हे तिला माझ्याआधी कळलं असणार. तिनं होकाराची मान हलवली. मी म्हटलं, प्या, मेजरसाहेब. तो तीन फिंजान प्यायला, मग पुरे म्हणून फिंजान हलवून परत दिला आणि म्हणाला की अशी कॉफी उभ्या तळावर कोणाच्या हातची होत नाही.

दुसऱ्या दिवशी मी दार घट्ट लावलं. काम संपवून परत येताना सायकल मुद्दाम हळू चालवली. थंड चुलीकडे जायला कोणाला घाई असते? दार ढकललं, तर पेल्यातून वाफ निघत होती. मरामियासकट. मी विचारलं, वत्फा, तुला कळलं कसं? तर म्हणते कशी, "ते चालू असतं तेव्हा काहीच ऐकू येत नाही. थांबलं की ते काहीच नसणंही थांबतं." तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत एकही दिवस मला गार चहा प्यावा लागला नाही. खोटं वाटत असेल तर या खलफला विचारा. मेजरची गाडी तोच चालवायचा, त्या संध्याकाळी दाराशीच उभा होता.

खलफनं हात वर करून मिशालचा वस्तरा थांबवला. अर्ध्या तोंडाला फेस होता.

"अबू सत्ताम," तो म्हणाला, "वत्फाला पुरलं तेव्हा इंजिन अजून उघड्यावर चालत होतं. इमामाचा एक शब्द आम्हाला ऐकू आला नव्हता. मुकं घर त्यानंतर दोन वर्षांनी बांधलं. कॉफी तू केली होतीस त्या दिवशी, आणि ती करपली होती."