उघडे हात

ओरेस्ट बारा वर्षं फुटबॉल खेळला, आमचा कॅनडातला, हातात चेंडू घेऊन पळायचा; पण चेंडूला त्याचा कधी हात लागला नाही. आमच्या पुढच्या फळीचं कामच ते. हात जमिनीला टेकवून वाकायचं आणि समोरून येणाऱ्या सव्वाशे किलोच्या रेड्यांना डोक्यानं अडवायचं. नाव व्हायचं मागं चेंडू घेऊन पळणाऱ्याचं. मी त्याच्या डावीकडे असायचो.

माज मात्र आमचाच. नोव्हेंबरात रेजायनाच्या मैदानावर थुंकी गोठायची, तरी फळीतला गडी बाह्या घालायचा नाही. हातांना व्हॅसलीन चोपडायचं आणि उघड्या दंडांनी उतरायचं. कुणाच्या बाह्या दिसल्या की ओरेस्ट ओरडायचा, "काय रे, आईनं घालून पाठवलं का?"

साठीत त्याचं डोकं गेलं. त्या टकरींनीच गेलं, दुसरं काय! क्लबकडून दर नाताळला एक टोपी यायची, झालं. बायकोला, मार्लीसला, तो कोच म्हणायचा. तिनं त्याला शब्द दिला होता, मरेपर्यंत घरातच ठेवीन. पण तो दोनदा भटकत निघून गेला, तेव्हा मुलींनी बजावलं, "आई, आणखी एकदा झालं तर सरळ वृद्धाश्रमात."

जानेवारीत एका सकाळी मार्लीसचा फोन आला. "लॉर्न, ओरेस्ट सापडत नाहीये. घरातच कुठंतरी असणार. तळघर पाहिलं, माळा पाहिला."

"बाहेर गेला असेल."

"छे! त्याचे सगळे कोट मी गाडीच्या डिकीत लपवलेत. उणे तीसमध्ये कोटाशिवाय कोण जाईल?"

मी बूट चढवायला लागलो. "न्हाणीघरात व्हॅसलीनची डबी आहे का बघ."

ती जाऊन आली. "आहे. रिकामी. का रे?"

मी किल्ल्या घेऊन धावलो.

शाळेमागच्या मैदानावर तो बनियनवर होता. दोन्ही हात बर्फात रुतवून, कुंपणासमोर वाकलेला. मी माझा कोट त्याच्या अंगावर टाकला. त्यानं झटकला. जीभ जड झाली होती, तरी म्हणाला, "काय रे, आईनं घालून पाठवलं का?"

"चल, ओरेस्ट. मॅच संपली."

"जिंकलो?"

"जिंकलो, बाबा. चल."

जीव वाचला. हात नाही वाचले. डॉक्टरांनी दोन्ही मनगटापासून काढले, आणि मुलींनी त्याला आश्रमात नेलं. मार्लीसनं डिकीतले कोट काढून त्याच्या बॅगेत भरले. दुसरं काय करणार होती बिचारी?

ती रोज जाते. गेल्या गेल्या त्याच्या अंगावर कोट चढवते, गळ्यापर्यंत बटणं लावते. तो खांदे हलवत राहतो, पण कोट काही त्याला काढता येत नाही.