हौदातली फळी

"अहो, हात द्या. पाण्याखालून," फळीपलीकडून ओसाकी कुजबुजली.

तोकुइचीने हात पुढे केला. तो जन्मांध, लोकांना मालिश करून पोट भरायचा. लग्न झाल्यापासून रोज संध्याकाळी बायकोचा हात धरून तो या न्हाणीघरात येई. सगळी आळी एकाच ऊन पाण्याच्या हौदात बसे. थंडीने ओसाकीची बोटं आखडत, ती तो पाण्यात चोळून एकेक मोकळी करी.

मग हुकूम निघाला. टोकियोत यापुढे बायकापुरुषांनी एकत्र नाहायचं नाही. मालकीण ओरिनने हौदात मधोमध फळी ठोकली खरी, पण पाण्याला टेकेल एवढीच. "वर सरकारचं राज्य, खाली आपलं," म्हणून ती हसली होती.

बाहेर बूट वाजले. आळीत बूट घालणारा माणूस एकच, चौकीतला पोलीस शिपाई. हौदातलं बोलणं तुटलं. ओसाकी हात सोडवू लागली, पण तोकुइचीची पकड घट्ट झाली.

कंदिलाची धग त्याच्या गालाला लागली.

"फळीखाली कोणाचा हात धरलायस, म्हातारबा?"

"बायकोचा, साहेब."

"काय रे गेन्पाची," ओरिन दारातून म्हणाली, "याच हौदात आईच्या मांडीवर बसून भोकाड पसरायचास. तेव्हा कुठे होती रे लाज?"

कोणीतरी फिसकन हसलं.

शिपाई ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मावशी, परदेशी लोक आपल्याला रानटी म्हणतात," तो हळूच म्हणाला. "उद्या फळी तळाला टेकली पाहिजे, नाहीतर परवाना गेला. म्हातारबा, पुन्हा हात दिसला तर चौकीत फटके. आणि आत्ता कोण हसलं, तेही कळेल मला."

दुसऱ्या दिवशी फळी तळाला टेकली. भट्टी पुरुषांच्या बाजूला होती. आजवर तिचंच ऊन पाणी फळीखालून पलीकडे जायचं. आता इकडे पाणी चटके देत होतं. पलीकडे ओसाकी खोकली.

"साकी, गार आहे का गं?"

बाहेर बूट येरझारा घालत होते.

"इकडे सरका, तोकुइचीबाबा. भट्टीजवळ जागा आहे," शेजारचा सुतार पुटपुटला.

"असू दे."

चाचपत तो फळीपाशी गेला आणि आपली ऊब तरी पलीकडे जावी म्हणून फळीला पाठ लावून बसला. लाकूड गार लागलं. सगळे उठून गेले, भट्टी विझली, तरी तो पाठ काढेना.